मागच्या सीटवरचे एकोणसाठ किलो

माझे भावोजी वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, बाटांवर शिक्के मारायचे, पेट्रोल पंपावरचं लिटर खरोखरच लिटर आहे का ते मोजून पाहायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. माणूस कमालीचा नेमका. ताई म्हणायची, यांना भाजीत चिमूटभर मीठ घाला म्हटलं तर आधी विचारतील, कुणाची चिमूट.

निवृत्त झाल्यावर नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला ते माझ्या गॅरेजात आले. मी एका स्कूटरचा कार्बोरेटर उघडून बसलो होतो. ते उंबऱ्यावरच थांबले. माझं गॅरेज त्यांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर, पण ताईच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी त्यांनी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. भिंतीला टांगलेल्या चेन, कोपऱ्यातली टायरं, जमिनीवरचे तेलाचे डाग, सगळ्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"मोटारसायकल घ्यायचीय," ते म्हणाले. "लांब जायचंय. कुठली घ्यावी ते तू सांग."

मी फडक्याने हात पुसत राहिलो. मोटारसायकल हा शब्द त्यांच्या घरात कुणी काढत नसे. ताईच्या लग्नात तिच्या सासूबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, की तू गाड्यांचं काम करतोस, खुशाल कर, पण आमच्या दारात गाडी उभी करू नकोस. तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाताना गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत जायचो. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली तरी मी तसाच जात होतो.

त्याचं कारण सगळ्या नात्यात माहीत होतं. भावोजींना दोन वर्षांनी धाकटा भाऊ होता. एका जागी बसणं त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून घरात त्याला भिंगरी म्हणत. दोघा भावांनी एक जुनी मोटारसायकल मिळवली, वर्षभर खपून ती चालती केली आणि तिच्यावरून देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, रस्ता संपून समुद्र लागतो तिथपर्यंत जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी भावोजींना ताप भरला. भिंगरी एकटाच गेला. दहाव्या दिवशी मोटारसायकल सापडली, मधल्या पठारावर, रस्त्याच्या कडेला, नीट स्टँडवर उभी. चेन तुटलेली. आरशाला हेल्मेट अडकवलेलं, हेल्मेटात हातमोजे. भिंगरी सापडला नाही. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता.

एवढंच मला माहीत होतं, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की कुणालाच याहून जास्त माहीत नाही.

मी त्यांना स्टूल दिलं. कुठे जायचंय ते विचारायची गरज नव्हती. मी विचारलं ते एवढंच, की ताईला सांगितलंय का. ते म्हणाले, गाडी ठरली की सांगतो. मग खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी आपल्या अटी वाचून दाखवल्या. गाडी आडवी पडली तर एकट्याला उभी करता आली पाहिजे. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. टाकी एकदा भरली की साडेतीनशे किलोमीटर जायला हवी. बिघडली तर कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला उघडता यायला हवी. आणि मागच्या सीटवर एकोणसाठ किलो बसले पाहिजेत.

"सामान एकोणसाठ किलो?" मी म्हणालो. "एवढं काय नेणार आहात?"

"सामानाचं वेगळं," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

पुढचे दोन महिने आम्ही गाड्या पाहत फिरलो. आधी मी त्यांना एका मोठ्या शोरूममध्ये नेलं. तिथे लांबच्या प्रवासाची म्हणून जी गाडी ठेवली होती ती एखाद्या रेड्यासारखी दिसत होती. विक्रेता उत्साहात होता, गाडीच्या पडद्यावर काय काय दिसतं ते दाखवत होता. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता ही जमिनीवर आडवी ठेवा. विक्रेत्याला वाटलं चेष्टा करतायत. शेवटी खाली सतरंजी घालून दोघातिघांनी ती हळूच आडवी केली. भावोजींनी बाह्या दुमडल्या, पाठ लावून पाहिली, हँडल धरून पाहिलं. गाडी वीतभर उचलली आणि पुन्हा खाली बसली. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो. विक्रेत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, यांना नक्की गाडी घ्यायचीय ना?

दुसरी उंच निघाली, टाचा अधांतरी. तिसरी सगळ्या अटींत बसत होती. जुनी, एका सिलिंडरची, दणकट. मालकाने ती सुरू केली आणि भावोजींनी डोळे मिटले. मला वाटलं, आवाज आवडला. मालकाने वेग कमी केला तशी गाडी एकदा खोकली, जुन्या गाड्या खोकतात तशी. भावोजी वळले आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो.

"आमचीही अशीच खोकायची," ते म्हणाले. "वेग उतरवला की दोनदा. आईला त्यावरून कळायचं, भिंगरी गल्लीत शिरला. मला अजून ऐकू येतं. दुपारी चारनंतर, ऑफिसात बसलेलो असताना. आधी वाटायचं कुणाचीतरी गाडी असेल. मग खिडकीपाशी जाऊन पाहणं सोडून दिलं."

किती वर्षं ऐकू येतंय, मी विचारलं. ते म्हणाले, नोकरीच्या पहिल्या सोमवारपासून.

शेवटी जी गाडी घेतली ती एका गुरांच्या डॉक्टरीणबाईंची होती. त्या तिच्यावरून गोठ्यागोठ्यांत फिरायच्या आणि आता गुडघ्यामुळे चारचाकी चालवू लागल्या होत्या. अडीचशे सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, सतरा लिटरची टाकी, कुठेही मिळतील असे सुटे भाग. टाकीचा रंग उडालेला, पण इंजिन घड्याळासारखं. भावोजींनी ती बाईंच्या अंगणात आडवी केली आणि दुसऱ्या झटक्यात उभी केली. बाई म्हणाल्या, हिला मी कधी ओरडले नाही, तुम्हीही ओरडू नका. भावोजींनी अगदी गंभीरपणे मान डोलावली.

गाडी माझ्या गॅरेजात आली त्या दिवशी त्यांनी ताईला सांगितलं. मग आमची सामानाची खरेदी सुरू झाली आणि इथे त्यांचं खातं अंगात आलं. त्यांनी ऑफिसातून निवृत्तीला भेट मिळालेला छोटा काटा गॅरेजात आणून ठेवला आणि प्रत्येक वस्तू त्यावर चढवली. लोखंडी पेट्या त्यांनी नाकारल्या, गाडी पडली की त्या पायावर येतात म्हणून. त्यांच्याऐवजी जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घेतल्या. दोन ट्यूब, पंक्चरचे लिव्हर, हातपंप, चेनच्या जोडकड्या. जोडकडी एक पुरते, मी म्हणालो. त्यांनी सहा घेतल्या. कोपर-खांद्यांत पॅड असलेलं जॅकेट, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे. हेल्मेट घ्यायला त्यांनी पूर्ण दुपार घालवली. डोक्यावर चढवून मान जोरात हलवायची, गाल आतल्या आत दाबले जातायत का पाहायचं, वीस मिनिटं तसंच बसून राहायचं, कपाळावर वळ उठतो का ते आरशात बघायचं. दुकानातली मुलगी हसू दाबत होती. अखेर एक पसंत पडलं.

मग ते म्हणाले, याच्याहून एक नंबर लहान दाखवा.

त्यांनी ते डोक्यात घातलं नाही. दोन्ही हातांत धरून, आत हात घालून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला आणि घेतलं. नंतर लहान हातमोजे घेतले. मी विचारलं नाही. दुकानाच्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो, त्यांच्या प्रत्येक हातात एकेक हेल्मेट.

निघायच्या आधीच्या आठवड्यात गाडीची भारासकट चाचणी घ्यायची असं त्यांनी ठरवलं. ओळखीच्या वाण्याकडून शिक्क्याचे बाट मागून आणले: विसाचे दोन, दहाचा एक, पाचाचा एक, दोनाचे दोन. ते जाड गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटवर आवळून बांधले. गाडी मागून किती दबते ते आधी मोजावं लागतं, त्यावरून स्प्रिंग किती ताणायची ते ठरतं. नुसते भावोजी बसल्यावर ती पस्तीस मिलिमीटर दबत होती. बाटांसकट साठ. मी स्प्रिंगला हात लावला नाही, म्हटलं आधी पाहू कशी चालते. ते डोंगराकडच्या रस्त्याने चाळीस किलोमीटर जाऊन आले. उतरले तेव्हा चेहरा मोकळा दिसत होता.

मी बाट सोडले, मोजले, बाजूला ठेवले. भावोजींना पुन्हा बसायला सांगितलं आणि टेप लावली. साठ.

मला वाटलं माझीच चूक. पुन्हा मोजलं. साठ. म्हटलं स्प्रिंग बसली असेल. दुसऱ्या दिवशी नवी टाकली, तेल बदललं. अठ्ठावन्न. स्वतः बसलो, शेजारच्या वेल्डरला मोजायला लावलं. माझं वजन भावोजींहून चार किलो जास्त, आणि माझ्या खाली ती पस्तीस-छत्तीसच दबत होती. भावोजी बसले की साठाच्या घरात. मी तीस वर्षं गाड्या उघडतोय. याचं कारण मला आजही सांगता येत नाही. वेल्डर म्हणाला, टेप खराब आहे, आणि घाईघाईने आपल्या दुकानात गेला.

भावोजी गाडीवर बसूनच होते. दोन्ही हात हँडलवर, नजर समोरच्या भिंतीवर.

"राहू दे," ते म्हणाले. "एकोणसाठच भरायचा तो. आमच्याकडे तेव्हा गोदामातला काटा होता, निघायच्या आधी आम्ही दोघांनी वजन केलं होतं. गाडीला किती भार पडेल ते बघायला."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं. ताप आलाच नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी नोकरीचं पत्र आलं होतं, सोमवारी हजर व्हा म्हणून. त्यांनी ते गादीखाली ठेवलं. भिंगरीला सांगायचं कसं ते कळेना. वर्षभर त्या पोराने दुसरं स्वप्न पाहिलं नव्हतं. सकाळी ते पांघरूण घेऊन पडून राहिले. भिंगरी दारात जॅकेट घालून उभा, मी थांबतो म्हणत होता. यांनी म्हटलं, तू हो पुढे, वाया घालवू नकोस दिवस. ताप उतरला की मी बसने येतो. पठारावर पंपापाशी बस थांबते, तिथे गाठतो तुला.

"तो म्हणाला, नक्की ना दादा. मी म्हणालो, नक्की. आणि सोमवारी मी कामावर हजर झालो."

पंपाचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पोलिसांनाही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, ते म्हणाले. आणि लगेच म्हणाले, नाही, नसतं सांगितलं.

ताईला हे कसं कळलं ते मला माहीत नाही. कदाचित त्यांनीच सांगितलं, कदाचित इतक्या वर्षांत तिने जुळवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती पिशव्या भरत होती. लहान हेल्मेट टेबलावर होतं. तिने ते पुसलं आणि परत ठेवलं.

"मी येते असं मी म्हणणार नाही," ती त्यांना म्हणाली. "तीस वर्षं मी तुमच्या शेजारी झोपतेय, पण तुमच्या मागे जागा कधी रिकामी नव्हती. जा. बघून या. पण फोन करत जा."

ते एका गुरुवारी सकाळी सातला निघाले. पहिल्या दिवशी फोन आला, दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ताईला सांगितलं, की मी पंपापाशी पोचलोय, इथेच थांबतोय. चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. पुढे कधी निघणार, तिने विचारलं. बस बघतो, ते म्हणाले. गाडी असताना बस कशाला, असं ती म्हणेपर्यंत फोन ठेवलेला होता. ताईने मला बोलावलं. आम्ही दोघं त्याच संध्याकाळी बसने निघालो.

पठार मी पहिल्यांदाच पाहत होतो. तासन्‌तास काही बदलत नाही. खुरटं गवत, करडी माती, मधूनच तारेचं कुंपण, आणि वारा असा की बसच्या खिडक्या सतत खडखडत राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर पंप आला. दोन मशिनं, पत्र्याचं छप्पर, मागे एक घर, समोर सिमेंटचं बाकडं. बाकड्यावर भावोजी होते. बसचा आवाज ऐकून ते उठून उभे राहिले होते. दाढी वाढलेली, अंगावर तेच जॅकेट. दार उघडलं आणि ताई उतरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ओळखायला त्यांना वेळ लागला. तिच्या मागून आणखी कुणी उतरतंय का ते पाहत होते. मी उतरलो. बस गेली. मग ते खाली बसले आणि रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

पंप चालवणारी बाई त्रेपन्न-चोपन्न वर्षांची होती. तिने आम्हाला घरात बसवलं, चहा दिला आणि पुन्हा सगळं सांगितलं, जे तिने भावोजींना सांगितलं होतं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली. पंप तिच्या सासऱ्यांचा. एक पोरगा मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, माझा दादा बसने येतोय, येईपर्यंत थांबू का. थांबला. दिवसाला एक बस, चारच्या पुढेमागे. उरलेला वेळ त्याला बसवत नसे. त्याने त्यांचा बंद पडलेला रेडिओ लावून दिला, हवेच्या मशिनची गळती काढली, फाटकाला रंग दिला, तिला मोटारसायकल कशी चालते ते दाखवलं. बसची वेळ झाली की मात्र तोंड धुऊन बाकड्यावर येऊन बसायचा, अगदी शांत. सासरे म्हणाले, अरे, नसेल येत तुझा भाऊ. तर तो म्हणाला, आमचा दादा येतो म्हणाला की येतो. खोटं बोलत नाही तो, फार नेमका माणूस आहे.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वारा सुटला होता, धूळ होती, आणि बस थांबलीच नाही. ड्रायव्हरला कुणी उतरायचं आहे असं वाटलं नसेल, सरळ निघून गेली. मागच्या खिडकीशी एक माणूस काचेला डोकं टेकून झोपलेला होता. पोरगा उडी मारून उठला. म्हणाला, तो दादाच, झोप लागली वाटतं त्याला. तिचे सासरे थांब म्हणेपर्यंत त्याने गाडी सुरू केली आणि बसच्या मागे त्या धुळीत गेला.

"गाडी इथून पुढे चाळीस किलोमीटरवर सापडली," ती म्हणाली. "चेन तुटली असेल, तर चालत निघाला असेल बसच्या मागे. तीन दिवस धुळीत हात दिसत नव्हता. पोलीस आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, की इथे पेट्रोल भरलं का. मी म्हणाले, भरलं. दुसरं कुणी काही विचारलंच नाही."

भावोजी पहिल्या दिवशी पेट्रोल भरायला थांबले आणि सहज विचारावं तसं विचारू लागले, तेव्हा तिने हे सगळं सांगून शेवटी म्हटलं होतं, तुम्ही त्याचे कोण? ते म्हणाले होते, जो मागून येणार होता तो. मग आत जाऊन तिने एक खाट बाहेर काढून ठेवली होती.

तिने आम्हाला फाटक दाखवलं. रंग केव्हाच उडून गेला होता, बिजागरीच्या खोबणीत थोडा हिरवा उरला होता. ताईने तिथे बोट लावलं. भावोजी लांब उभे होते.

रात्र तिथेच काढली. सकाळी माझी परतीची बस होती. मला वाटत होतं गाडी ट्रकमध्ये घालू आणि सगळेच परत जाऊ. मी तसं म्हणालोही. पण ताई बाहेर आली ती लहान हेल्मेट घेऊन. तिला ते गालांना घट्ट होत होतं. केस खाली सोडून तिने ते कसंबसं चढवलं. पुढे जाऊ, ती म्हणाली, समुद्रापर्यंत. आता इथून मागे फिरलो तर तुम्ही जन्मभर या बाकड्यावर राहाल.

भावोजी म्हणाले, मागे... आणि थांबले.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "सरकून बसायला सांगा त्याला. आम्ही मावतो."

हे तिने अगदी साध्या आवाजात म्हटलं, बसमध्ये कुणाला सांगावं तसं. पंपवाल्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. भावोजींनी गाडी सुरू केली. ताई त्यांच्या खांद्याला धरून चढली, आणि सीटच्या टोकाला, अगदी कडेला बसली, मध्ये जागा ठेवून. ते दोघं पठारावरून लहान लहान होत गेले ते मी बराच वेळ पाहत होतो.

गाडी सापडली होती त्या जागी ते थांबले होते, असं ताईने नंतर सांगितलं. जागा भावोजींना किलोमीटरच्या दगडावरून पाठ होती. रस्ता आता रुंद झालाय, दगड नवे आहेत. दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, दुसरं काही नाही. भावोजी रस्ता सोडून दहा-पंधरा पावलं आत गेले आणि त्यांनी हाक मारली. एकदाच. ताई म्हणाली, त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. भिंगरी नव्हे, खरं नाव. वाऱ्यात ते लगेच विरलं. मग परत येऊन त्यांनी हातमोजे घातले. पुढे आठ दिवसांनी ते समुद्रापाशी पोचले. तिथे काय केलं, मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही, पाय भिजवले, यांच्या बुटात वाळू गेली म्हणून कुरकुर केली.

परत आल्यावर महिनाभराने भावोजींनी मला बरोबर चल म्हणून सांगितलं. आम्ही न्यायालयाच्या कचेरीत गेलो. भिंगरीचं नाव घराच्या सगळ्या कागदांवर जिवंत होतं. सासूबाईंनी ते काढू दिलं नव्हतं, आणि नंतर भावोजींनी हात लावला नव्हता. लाकडी कठड्यापलीकडे एक तरुण कारकून बाई बसली होती. तिने मृत्यूच्या नोंदीचा अर्ज पाहिला आणि म्हणाली, चौतीस वर्षं झाली, इतके दिवस का आला नाहीत? भावोजी म्हणाले, तो येईल असं वाटत होतं. तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, शेवटचं कुणी पाहिलं, कुठे, किती वाजता? इथे त्यांनी पंपवाल्या बाईचा सहीनिशी जबाब पुढे ठेवला आणि तारीख सांगितली. वेळ दुपारी चार वाजून वीस मिनिटं, पाचदहा मिनिटं इकडेतिकडे. माझ्या आठवणीत त्यांनी कुठल्याही मापाबद्दल असं कधी म्हटलं नव्हतं.

पुढचा रकाना होता, जाण्याचं कारण. कारकून बाईने पेन उचलून त्यांच्याकडे पाहिलं. मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं.

"मी येतो म्हणालो होतो आणि गेलो नाही," ते म्हणाले. "असंच लिहा."

ती म्हणाली, काका, असं लिहिता येत नाही. अपघात लिहू? हवामान लिहू? ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, पण मी सांगितलं हे लक्षात ठेवा. तिने हवामान लिहिलं. मग अर्ज फिरवून त्यांच्यापुढे केला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. भावोजींनी चष्मा लावला, सगळा अर्ज पहिल्यापासून वाचला, एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करून घेतली आणि सही केली.